पुढच्या पाळीचा माणूस

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कारभारी गायखे ऑपरेटर होते. तिथे पाळी बदलताना पुढचा माणूस समोर येऊन "घेतला चार्ज" म्हणेपर्यंत आधीच्याने पॅनेलसमोरून हलायचं नसतं. गायखेंनी ते नोकरीभर पाळलं. एकदा पुढचा आलाच नाही, तेव्हा ते दुसरी पाळीही बसून राहिले.

ते निवृत्त झाले तोवर नाशिक रोडच्या त्यांच्या सोसायटीतली माणसं एकेक करून मुलांकडे निघाली होती, कुणी पुण्याला, कुणी परदेशात. जाताना चाव्या गायखेंकडे. कुणाच्या भाडेकरूशी बोलायचं, कुणाच्या कुंड्यांना पाणी घालायचं. एका फ्लॅटचं तर मुखत्यारपत्रच त्यांच्या नावे आहे. सोसायटीच्या सभेत निम्म्या घरांच्या वतीने तेच बोलतात. पत्नी चांगुणा वारल्यापासून दिवस यातच जातो.

यंदा हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. संमतीपत्रावर जवळच्या कुणाची तरी सही हवी होती. मुलगी निकिता मेलबर्नला. गायखे तळमजल्यावरच्या लंकाबाईंकडे गेले.

लंकाबाई तांदूळ निवडत होत्या.

"एवढंच ना, भाऊ? करीन की. मानलेली बहीण लिहा. डॉक्टर काय जन्मदाखला मागतोय?"

गायखेंना हायसं वाटलं. त्यांनी पिशवी उघडून चाव्या कॉटवर मांडल्या.

"ही पाठकांची. दार आधी ओढायचं, मग फिरवायची. ही वरच्या मजल्याची, तिथला नळाचा कॉक बंदच ठेवा. आणि ही माझी. काही झालंच तर कपाटात..."

लंकाबाईंचा हात सुपातच थांबला.

"चार दिवसांसाठी चाललात का कायमचे?"

"चार्ज द्यायचा तर पूर्ण द्यावा लागतो."

"मला नाय जमायचं. उद्या कुणाच्या घरात काही झालं तर म्हणतील, चावी लंकाबाईकडं होती. सहीचं बोललात, सही घ्या. हा बाजार उचला."

"मग चाव्या कुणाकडे देऊ?"

"ठेवा उशाखाली. दवाखान्यात काय दरोडा पडतोय?"

गायखे हसले नाहीत. एवढी घरं कुणाच्याही हवाली न करता भूल घ्यायची, हे त्यांना पटणारं नव्हतं. एकेक चावी उचलून त्यांनी पिशवीत टाकली.

"राहू द्या मग."

"अहो, सही तर घेऊन जा!" लंकाबाई दारापर्यंत आल्या. तोवर ते जिना चढू लागले होते, एक हात कठड्यावर, एक पोटावर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रुग्णालयात फोन करून पुढची तारीख मागितली. काउंटरवरच्या मुलीने कारण विचारलं.

"मुलगी येतेय ऑस्ट्रेलियाहून," ते म्हणाले. "तीच करील सही."

निकिताला ऑपरेशनचं त्यांनी अजून सांगितलेलं नाही.