थोरला परत येतो ते पान

इस्त्रीच्या दुकानात तिला सगळे कादंबरीबाई म्हणायचे. नाव मालकाने ठेवलेलं, आणि खोटं नव्हतं. वाचनालयातून ती जाडजूड कादंबरी आणायची, तीही पहिल्या पानावर वंशवृक्ष असलेलीच. आजोबांनी बांधलेलं घर, जावाजावांची धुसफूस, कुणाच्या तरी आत्याचं फसलेलं लग्न, असलं काही हाती लागलं की बाईंना तहानभूक राहत नसे. कॉलरवर इस्त्री फिरवता फिरवता ती सगळ्यांना गोष्ट सांगायची.

"आज कुणी मरणार आहे का?" मालक विचारायचा. "असेल तर पांढरे शर्ट दुसऱ्या टेबलावर द्या."

त्याचं तरी काय चुकलं? मागे कादंबरीतल्या एका थोरल्या सुनेच्या बाळंतपणात गिऱ्हाइकाची बाही करपली होती.

संध्याकाळी घरी आली की ती तीच कादंबरी आईला वाचून दाखवायची. आईची नजर पार गेली होती. सध्याच्या कादंबरीत सगळं घर मुठीत ठेवणारी एक म्हातारी होती. घरात काही अडलं, शेजारणीशी वाजलं, की आई म्हणायची, "त्या पुस्तकातल्या म्हातारीने काय केलं असतं गं?" आणि मग दोघी तसंच करायच्या. थट्टेत सुरू झालेलं, पण आता घरचा कायदाच झाला होता.

वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तिचा थोरला भाऊ दूरच्या नोकरीवर गेला, तो गेलाच. वडिलांच्या शेवटच्या दिवशी पाहुण्यासारखा आला, खर्चावरून बोलला, भांडला आणि निघाला. वडिलांचं आणि नंतर आईचं करता करता तिचं लग्न राहून गेलं. पुस्तकातली भांडणं चारशे पानांत मिटतात, हे मात्र मिटलं नाही.

एक दिवस त्याचा फोन आला. रविवारी येतो, आईला भेटायचंय.

आई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. "आपल्या म्हातारीचाही थोरला परत येतोय ना? ते आधी वाच. ती काय करते बघू."

ते पान तिने दुपारीच दुकानात वाचून डोळे पुसले होते. आता तेच समोर उघडलं, तर मनात दुसरंच आलं. इतकी वर्षं उष्टं-खरकटं आपण काढायचं, रात्री-अपरात्री आपण उठायचं आणि दार मात्र त्याच्यासाठी उघडायचं? का म्हणून?

"म्हातारी म्हणाली," ती वाचू लागली, "कुणी कडी काढायची नाही." पानावर असं काही नव्हतं. पुढचंही सगळं तिने मनानेच रचलं. वाचून वाचून भाषा अशी मुरलेली, की कुठे अडखळली नाही.

"बरं," आई म्हणाली. "मग आपणही नको उघडूया."

रविवारी बेल वाजली. "छोटे, दार उघड गं," बाहेरून त्याचा आवाज आला. थकलेला, वय झालेला. तिने आईकडे पाहिलं. आईने पलंगाची कड घट्ट धरली होती.

"नको," आई म्हणाली.

तो बराच वेळ थांबला. मग जिन्यावरून पावलं उतरत गेली. दाराच्या कडीला त्याने फळांची पिशवी अडकवली होती.

दिवेलागणीला आई म्हणाली, "आता ते पान खरं वाच."

"म्हणजे?"

"त्या दिवशी इतकं वाचलंस, पण एकदाही पान उलटलं नाहीस. मी आंधळी आहे, बहिरी नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललीस? दार का नाही उघडू दिलंस?"

"तो तासाभराने गेला असता. मला तुझ्याजवळ राहायचंय. तुझ्या मनात एवढं साचलंय हे मला कळलंच नव्हतं गं."

तिने घाईघाईने भावाला फोन लावला. वाजत राहिला, पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. शेवटी तिने पुस्तक घेतलं. "म्हातारी केव्हाची दाराशी उभी होती. त्याने हात उचलायच्या आत तिने कडी काढली."

"परत वाच."

तिने परत वाचलं. तिसऱ्यांदा मात्र तिने पुस्तक मिटलं.

"वाच गं," आई म्हणाली. "मला नाही उघडता आलं. तिचं तरी ऐकू दे."