धोंड्याचं जेवण आणि गार पडलेला माल

डांबराच्या गाडीवर मी इतकी वर्षं काढली की नवा शर्टसुद्धा दोन दिवसांत माझ्यासारखा वास मारायला लागतो. शहापूरकडे हायवेलगत आमचा प्लँट. तिथे खडी आणि डांबर तापवून एकत्र घोटतात, तो काळा वाफाळता माल माझ्या डंपरच्या हौद्यात पडतो, मी वर ताडपत्री ओढतो आणि जिथे रस्ता चालू असेल तिथे गरम गरम नेऊन देतो. गार झाला की तो माल कुणी घेत नाही. या धंद्यात ड्रायव्हरला एवढी एकच अक्कल लागते, आणि नेमकी तीच माझ्याकडून एकदा सुटली. तीही कुठे, तर सासुरवाडीत, सगळ्या वाडीदेखत.

माझी सासुरवाडी सिद्धगडाच्या पायथ्याला. मुरबाडवरून म्हसा गावाकडे जायचं, मग आत वळायचं आणि मग कच्च्या रस्त्याने धूळ खात जायचं. सासरे शेतकरी माणूस, बोलायला कमी आणि बघायला जास्त. त्यांच्या डोक्यात मुलीसाठी मुरबाडच्या एमआयडीसीत परमनंट असलेला नवरा होता. मुलीच्या डोक्यात मी होतो. मुलगी जिंकली, लग्न झालं, पण सासऱ्यांनी मला एकदासुद्धा जावई म्हटलं नाही. "तो डायवर आला काय?" असं घरात विचारायचे. मी समोर उभा असलो तरी असंच विचारायचे. मी हसून घ्यायचो. हसू नाही तर काय करू, सासऱ्याशी भांडू?

मग एका मे महिन्यात त्या वाडीचा रस्ता मंजूर झाला, पहिल्यांदाच डांबरी, आणि काम आमच्याच ठेकेदाराकडे आलं. माझी छाती तर हौद्याएवढी झाली. बायकोला सांगितलं, "तुझ्या बापाच्या दारात डांबर मी नेणार." ती म्हणाली, "तुमी नुसतं नेणार. बाकीचं सगळं दुसरेच करणार ना?" खरं होतं, पण असं खरं बोलायची काय गरज असते!

रस्ता पुढे पुढे सरकत सासऱ्यांच्या अंगणाजवळ आला. शेवटचा एक तुकडा राहिला, पाणवठ्याच्या वळणापासून अंगणापर्यंत. पाऊस तोंडावर, दुसऱ्या दिवसापासून प्लँट बंद होणार होता. शेवटची गाडी माझी. आणि त्याच दिवशी सकाळी बायकोचा माहेरून फोन आला. धोंड्याचा महिना चालू होता. आमच्याकडे अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावतात, पाटावर बसवून ओवाळतात, ताटभर अनारसे देतात, जेवू घालतात. माझ्या लग्नानंतर धोंडा येऊन गेला होता, पण मला कुणी बोलावलं नव्हतं. आता बायको फोनवर हळू आवाजात म्हणाली, "बाबा सवताहून बोलले. तुमाला वाण द्यायचाय. गाडी घेऊन येतच हायत, तर दोन मिंटं आत या. नाय म्हणू नका हां."

मी कशाला नाही म्हणतोय! इतकी वर्षं वाट बघितली होती.

माल भरला, ताडपत्री कसली आणि निघालो. किन्हवली गेली, सरळगाव गेलं, आणि मुरबाडात शिरताना मला आरशात माझं तोंड दिसलं. काळं, तेलकट, आणि शर्टावर डांबराचे ठिपके. या अवतारात पाटावर बसायचं? गाडी कडेला घेतली. शर्ट घेतला, पेढे घेतले. हातांचं डांबर काढायला डिझेल चोळलं आणि डिझेलचा वास घालवायला बाजारातला एक साबण अख्खा संपवला. शेवटी डिझेलचाही वास राहिला आणि साबणाचाही. दुकानदार शर्ट देताना नाक आक्रसून म्हणाला, "लग्नाला चाललात का?" मी म्हटलं, "तसंच समजा." मागे हौद्यात माल थंड होत होता आणि मी मात्र शर्टाला निळा रंग जास्त शोभतो की पिस्ता, हे ठरवत होतो. अहो, माणसाने किती मूर्ख असावं!

वाडीत पोचलो तेव्हा पुढची गाडी अजून पेव्हरला लागलेली होती. पेव्हर म्हणजे माल पसरवणारं यंत्र. गाडीने त्याच्यापुढे जाऊन वळायचं आणि उलटं येऊन त्याच्या तोंडात माल ओतायचा. वळायला जागा फक्त सासऱ्यांच्या अंगणासमोर. मी तिथे गाडी वळवून उभी केली, आपला नंबर आलाच समजून ताडपत्री काढून ठेवली, आणि दोन मिनिटं म्हणून उतरलो. किल्ली खिशात, फोन केबिनमध्ये.

दारात सासूबाई तांब्या घेऊन उभ्या. पायावर पाणी घातलं. आत पाट मांडलेला, पाटाभोवती रांगोळी. सासरे भिंतीला टेकून बसलेले, धुतलेलं धोतर, टोपी. माझ्याकडे बघून म्हणाले, "बस." एवढंच. मी नवा शर्ट सावरून पाटावर बसलो. ओवाळलं, टोपी घातली, अनारशांचं ताट हातात दिलं. मी उठायला लागलो तर सासूबाई म्हणाल्या, "आता कुठं चाललात? जेवल्याबिगर जायचा नाय." वडे तळायला घेतलेले होते, अधिक महिना असला तरी जावयासाठी कोंबडीचा रस्सा चुलीवर. मी बायकोकडे बघितलं. तिने डोळे वटारले. मी बसलो.

बाहेर पुढच्या गाडीचा माल संपला. पेव्हरवाले हॉर्न वाजवायला लागले. मला ऐकू येत होतं, का येणार नाही? मी म्हटलं, "मामा, जरा गाडी..." सासूबाईंनी पानात आणखी दोन वडे टाकले. मग साइटचा इंजिनिअर स्वतः दारात आला. पोरगेला, बूट धुळीने माखलेले. म्हणाला, "ड्रायव्हर, माल!" तेव्हा सासरे पहिल्यांदा मोठ्याने बोलले, "सायेब, जेवता माणूस उठवायचा नसतो. तुमी पण बसा." आता सांगा, मी काय करू? इतकी वर्षं ज्या माणसाने मला धड हाक मारली नाही, तो माझ्यासाठी साहेबाशी बोलत होता. मी आणखी एक वडा घेतला. रस्सा झकास होता, तेही सांगून टाकतो.

जेवून, हात धुऊन, डोक्यावर नवी टोपी, कपाळाला कुंकू, अशा थाटात बाहेर आलो. वाडी सगळी रस्त्यावर जमलेली. डोंगरावरून वारा सुटला होता. इंजिनिअरने मालात थर्मामीटर खुपसला, बघितलं आणि मान हलवली. मी म्हटलं, "वरवर गार असेल साहेब, आत गरम आहे." हौद्याचा मागचा फाळका उघडला, हौदा उचलला. काहीच पडेना. आणखी उचलला. तरी काही पडेना. मग सगळा माल एकाच ढेकळात धाडकन रस्त्यावर आला आणि तसाच बसला. वाडीतलं एक कुत्रं भुंकून पळालं.

तो माल पसरवता येणार नव्हता, दुसरा येणार नव्हता. इंजिनिअरने यंत्रं आवरायला सांगितली. रस्ता पाणवठ्याच्या वळणावर संपला. सगळ्या वाडीच्या दारात डांबर गेलं, फक्त माझ्या सासऱ्यांच्या दारात नाही. तिथे ढेकूळ होतं. सासऱ्यांनी त्या ढेकळाकडे बघितलं, माझ्या टोपीकडे बघितलं आणि आत गेले. बायकोही त्यांच्यामागे आत गेली. मी गाडीत बसलो, मांडीवर अनारशांचं ताट. लाजेने मेल्यासारखं झालं हो. सगळ्या जगात एका माणसाला खूश करायचं होतं, आणि त्याच्याच दारात घाण करून निघालो होतो.

ठेकेदाराने फोनवर माझा उद्धार केला आणि ते ढेकूळ सकाळी तिथून उचलायला सांगितलं. सकाळी रिकामी गाडी घेऊन गेलो तर अंगणासमोर धूर. सासऱ्यांनी दगडांवर पत्रे मांडले होते, खाली लाकडं पेटवली होती, आणि चार-पाच जण पहारींनी ढेकूळ फोडून तुकडे पत्र्यावर तापवत होते. सासरे माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी आण. रोलर कर तिचा."

"मामा, रिकाम्या गाडीचं वजन पडणार नाही."

त्यांनी वाडीकडे वळून हाक दिली, "चढा रे समदे!" आणि अख्खी वाडी माझ्या हौद्यात चढली. म्हातारे, बाया, पोरं. सासूबाई तेवढ्या खाली राहिल्या. आम्ही फावड्यांनी माल पसरला आणि मी ती माणसांनी भरलेली गाडी मागे-पुढे, मागे-पुढे फिरवली. सासरे पुढे उभे राहून हाताने दाखवायचे, घे, घे, थांब. दुपारपर्यंत एक तुकडा झाला. रस्ता म्हणावा तर म्हणावा. इथे उंचवटा, तिथे खळगा. जीपवाले तिथे आले की आतल्या माणसांना म्हणायचे, "धरून बसा, डायवरचा रस्ता आला." तालुक्यात माझी तेवढीच प्रसिद्धी झाली.

पुढची काही वर्षं मी प्रत्येक सणाला त्या तुकड्यावरून आदळत सासुरवाडीला गेलो. सासरे त्यावर काही बोलले नाहीत, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. मी आपला मनात म्हणायचो, एकदा हा रस्ता नव्याने होऊ दे, माझी ही लाज कायमची गाडली जाऊ दे.

गेल्या उन्हाळ्यात झाला. आमचाच ठेकेदार, साहेब नवा. शेवटची गाडी मीच मागून घेतली. शर्ट जुना, पोट रिकामं, कुठेही थांबलो नाही, ताडपत्री शेवटपर्यंत काढली नाही. वाफाळता माल घेऊन वळणावर पोचलो तर पेव्हर बंद. समोर त्या खडबडीत तुकड्यावर सासऱ्यांनी बाज टाकलेली आणि ते बाजेवर बसलेले. आता थकलेत, काठी लागते. साहेब त्यांना समजावत होता, "बाबा, उठा. हा पॅच फार वाईट आहे. चांगला करून देतो."

"करा ना. पार हितवर करा," सासरे काठीने वळण दाखवून म्हणाले. "पण ह्याला हात लावायचा नाय. हा आमच्या जावयानं केलाय."

साहेबाने वैतागून इकडेतिकडे बघितलं. "कोण हो हा जावई?"

मी खिडकीतून हात वर केला. दुसऱ्या हाताने डोळे पुसत होतो, आणि हौद्यात माल गार होत होता.