बांधावरची एकच फेरी

“त्यांनी शब्द दिलाच कावून?” हा मंजुषाबाईंचा प्रश्न. त्याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही, आणि सारी हकिकत जुळवून झाल्यावर आजही येत नाही. शब्द देणारा अभिमन्यू हा त्यांचा नवरा. त्याने तो चारचौघांत, पूर्ण शुद्धीत, स्वतः चालू केलेल्या यंत्रावर हात ठेवून दिला होता.

चकलांब्यापासून दोन कोसांवर अभिमन्यूची अडीच एकर जमीन होती. नवराबायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी; दिवाळीआधी टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे ते चैत्रात परतायचे. मधल्या सहा महिन्यांत शेताला राखण नसे. शेजारी विठ्ठलराव, गावचे माजी सरपंच, साठ एकरांचे धनी. त्यांचा ट्रॅक्टर दरसाल दोन शेतांमधला बांध फाळभर कोरून अभिमन्यूच्या बाजूला सरकवी. नऊ वर्षे हे चालले. हद्दीचा दगड होता, तोही पहिल्याच वर्षी नांगराला लागून निघाला आणि विठ्ठलरावांच्या गोठ्याच्या पायरीत बसला. अभिमन्यूने सरकारी मोजणीचा अर्ज दोनदा केला. दोन्ही खेपेस तारीख ऐन हंगामात पडली, आणि उसाचा फड सोडून येण्याची टोळीच्या मुकादमाने परवानगी दिली नाही.

फडावर कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे उसाची नोंद ठेवणारा कर्मचारी, लॅपटॉपला जीपीएसचा रिसीव्हर जोडून प्लॉटभोवती फिरे आणि पडद्यावर प्लॉटचा आकार उमटे. अभिमन्यू ते चार हंगाम पाहत होता. २०१७ च्या मार्चमध्ये हा जुना संच भंगारात निघाला, तेव्हा त्याने तो मागून घेतला. चिटबॉयने त्यात गावचा नकाशा घालून दिला आणि बजावले, “चार-दोन पावलं इकडं-तिकडं दाखवतंय बरं का. उसाला चालतंय. ऊस काय बांधावरून भांडतो व्हय?” मंजुषा तेव्हा शेजारी मोळी बांधत होती. तीही हसली.

घरी आणल्यावर संच चालेना. रिसीव्हर काडेपेटीएवढा, तळाला लोहचुंबक, मागे दीड हात वायर. तो जोडून लॅपटॉप सुरू केला की पडद्यावरचा बाण पिसाळल्यासारखा धावे, आपोआप खिडक्या उघडी, मिटवी. कारण साधे होते. वीज मिळताच रिसीव्हर स्थानाचे आकडे अखंड पाठवू लागतो, आणि सुरू होण्याच्या क्षणी त्या जुन्या लॅपटॉपला ते आकडे म्हणजे माऊसची हालचाल वाटे. अभिमन्यूला हे ठाऊक नव्हते. गेवराईच्या एका दुकानदाराने झाकणही न उघडता “फेकून दे” म्हटले. गावात बातमी पसरली, आणि विठ्ठलरावांकडे पाहुणे आले असताना ओट्यावरून हाक आली.

“अभ्या, तुझं ते भूत घिऊन ये बे. पाव्हण्यांना दाखव.”

तो गेला. बाण धावू लागताच ओटा हसला.

“बंद कर. पुना लाव,” विठ्ठलराव म्हणाले.

त्याने पुन्हा लावले. असे सहा वेळा झाले.

“ह्याला उसात न्या, आबा,” एक पाहुणा म्हणाला. “बसल्या जागी फड तोडंल.”

“ह्याच्या मालकापरीस तर लई तोडंल,” विठ्ठलराव म्हणाले.

सातव्या खेपेस त्या पाहुण्याने गंमत म्हणून वायर उपटली, आणि लॅपटॉप सुरू झाल्यावर परत खोचली. बाण जागचा हलला नाही. हसणाऱ्यांच्या हे ध्यानात आले नाही, अभिमन्यूच्या आले. त्याने लॅपटॉप बंद केला, वायर काढली, पुन्हा सुरू केला, थांबला, मग वायर जोडली. काही मिनिटांत पडद्यावर आकडे ओळीने उतरू लागले. त्याने ते मोठ्याने वाचले. त्या ओट्यावर अभिमन्यूचे बोलणे कोणी शेवटपर्यंत ऐकून घेण्याची ती पहिलीच वेळ.

“म्हंजे आता खरं बोलंल ते?” विठ्ठलरावांनी विचारले.

“खरंच बोलंल, आबा. कारखाना ह्याच्यावरच ऊस धरतो.”

“मंग आपला बांध बी धरू. दाखवंल ते तुला मान्य, मला मान्य. पर एकच फेरी. मागनं कुरकुर न्हाई.”

“मान्य,” अभिमन्यू म्हणाला.

गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष सुंदरराव तिथेच बसले होते. त्यांनी वहीचे पान फाडून मजकूर लिहिला. दोघांच्या सह्या झाल्या.

घरी मंजुषाने विचारले, “चार-दोन पावलं म्हणला व्हता न्हवं त्यो चिटबॉय?”

“तवा बिघडल्यालं व्हतं. आता नीट झालंय.”

बिघडणे आणि चुकणे या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे त्याला सांगणारे तिथे कोणी नव्हते.

१४ मे रोजी सकाळी दहा वाजता सारे बांधावर जमले. रिसीव्हरला वर मोकळे आभाळ हवे, म्हणून मंजुषाने डोक्यावर स्टीलचे ताट पालथे धरले होते. त्यावर रिसीव्हर चुंबकाने चिकटवला होता. वायर आखूड, त्यामुळे नवराबायको अंगाला अंग लावून चालत होती.

“वैनी, जपून! कालवण सांडंल!” कोणी ओरडले.

बांध संपला. पडद्यावर त्यांच्या चालण्याची लाल रेघ नकाशातल्या हद्दीच्या पलीकडे, विठ्ठलरावांच्या शेतात पडली होती. सुंदररावांनी अंतर वाचले: अकरा फूट. यंत्राच्या मते अभिमन्यूच अकरा फूट घुसला होता.

“आरं तिच्या!” विठ्ठलराव म्हणाले. “नऊ वर्षं मीच लुटलो गेलतो, अन मलाच पत्ता न्हाई!”

हशा ओसरण्याआधीच अभिमन्यू परत फिरला. कोणाला न विचारता त्याने मंजुषाला घेऊन तोच बांध उलटा चालून काढला. या वेळी रेघ त्याच्याच शेतात, हद्दीच्या चौदा फूट आत पडली. म्हणजे घुसखोरी विठ्ठलरावांची. त्याने लॅपटॉप एकेकाच्या तोंडापुढे धरला. सर्वांनी पाहिले. सुंदररावांनीही पाहिले, आणि कागदाची घडी घातली.

“कागदावर एक फेरी हाय, अभिमन्यू. पयली.”

“पर तात्या, हे बी त्याच मशीनीनं—”

“मशीन तुझं, बायको तुझी, ताट बी तुझंच,” विठ्ठलराव मध्येच म्हणाले. “आमचं त्यात काय लागलंय बे?”

नवा बांध दोन्ही पक्षांनी मिळून घालावा, असे त्या कागदात होते. विठ्ठलरावांकडून कोणी आले नाही. अभिमन्यू आणि मंजुषा यांनी मे महिन्याच्या उन्हात चार दिवस खपून आपल्याच जमिनीत अकरा फूट आत बांध घातला. दुसऱ्या दिवशी विठ्ठलराव छत्री घेऊन पाहायला आले, आणि एके ठिकाणी बांध वाकडा आहे म्हणून त्यांनी तो मोडून पुन्हा घालायला लावला.

गावात अभिमन्यूला ‘सॅटेलाइट’ हे नाव पडले. पुढल्या हंगामात टोळीतही त्याला त्याच नावाने हाक मारू लागले, आणि तो ओ देऊ लागला.

बांध त्यानंतरही दरसाल सरकत राहिला; अखेर अभिमन्यूने जमीन विठ्ठलरावांनाच विकली, आणि ५ फेब्रुवारी २०२१ रोजी त्या अडीच एकरांच्या सातबाऱ्यावर त्यांचे नाव लागले.