नाव येऊ देऊ नका

आता हसायचं नाय, आधीच सांगून ठेवतो. माझं डोकं अजून तापलेलं आहे, आणि तापलंय ते माझ्यावरच.

उस्मानपुऱ्यातल्या एका हॉलमध्ये आम्ही वेगवेगळ्या पेपरांच्या तालुका वार्ताहरांची कार्यशाळा घेतली. विषय, मानसिक आजाराची बातमी कशी लिहावी. शिकवणारा कोण? मी! पंचवीस वर्षं पेपरच्या डेस्कवर बसलेला, लई तापट म्हणून नावाजलेला.

अनुभव सांगायला एक शिक्षिका आल्या होत्या. त्यांचं नाव सांगणार नाय. आता तरी नाय! डिप्रेशनवर उपचार घेऊन बऱ्या झालेल्या. अट एकच घातली.

"सर, शाळेत कुणालाच माहीत नाय. नाव येऊ देऊ नका."

"मॅडम, मी बसलोय ना इथं!" मी छाती ठोकून म्हणालो.

मग वार्ताहरांवर असा घसरलो की विचारू नका! पिशोरच्या बबनरावांनी मागं 'वेडसर महिलेचा धुडगूस' असा मथळा देऊन एका बाईचा फोटो छापला होता. त्यांना भर हॉलमध्ये उभंच केलं.

"ओ बबनराव, तुमच्या घरातल्या बाईचा फोटो असा छापला असता का?"

"चुकलं सर," बबनराव मान खाली घालून म्हणाले. तरी मी त्यांना बसू दिलं नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मॅडमचा फोन. रडत होत्या. "सर, पेपरात माझं नाव आलंय. शाळेचं सुद्धा. हेडमास्तरांनी बोलावलंय."

माझं टाळकंच सरकलं. कोणता पेपर, हे विचारायचं भान कुणाला? थेट बबनरावांना फोन लावला.

"सुधरायचंच नाय का तुम्हाला? नाव कशाला छापलं?"

"आम्ही कुणीच नाय छापलं, सर. तुमच्याच पेपरात आलंय."

"माझ्या? कोणत्या गाढवानं दिलं?"

"सर, तुमचीच प्रेसनोट हाय."

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. कार्यक्रम आज, प्रेसनोट कालच तयार! एखाद्याचं नाव सुटलं तर तो वर्षभर बोलत नाय. म्हणून 'यावेळी मनोगत व्यक्त केले' लिहून मी सगळ्यांची नावं हुद्द्यासकट टाकतो. हात सवयीनं चालतो हो! आदल्या दिवशीच डेस्कला आणि वार्ताहरांच्या ग्रुपवर पाठवून मोकळा झालो होतो, आणि मॅडमनी अट घातली तेव्हा ते आठवलंच नाय.

"कार्यक्रम झाल्यावर मी ग्रुपवर विचारलं होतं," बबनराव म्हणाले, "मॅडमचं नाव काढायचं ना? तुम्ही उत्तरात नुसते इमोजीचे हात जोडले." न वाचताच जोडले होते!

डेस्कवरच्या पोरीला झापायला गेलो, तर ती म्हणाली, "सर, तुमच्या मजकुरातला काना हलवला तरी तुम्ही ऑफिस डोक्यावर घेता. कोण हात लावणार?"

तडक शाळा गाठली. मॅडम व्हरांड्यातच भेटल्या.

"हेडमास्तरांना मीच सगळं सांगितलं. नोकरीला काय होत नाय," त्या म्हणाल्या. "पण हे मला माझ्या सवडीनं सांगायचं होतं. तुमच्या नाय."

वाटलं, दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पुढची कार्यशाळा कधी आहे?" मॅडमनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

"मी येणार. माझं नाव आता खुशाल छापा. पण त्या दिवशी बबनराव खुर्चीत बसतील, आणि तुम्ही उभं राहायचं."

राहिलो की उभा, पूर्ण दोन तास! त्या दिवशीची प्रेसनोट बबनरावांनी लिहिली. कुणाचंच नाव घेतलं नाय त्यांनी. फक्त माझं घेतलं, हुद्द्यासकट.