पलीकडच्या पेठेला दिलेले कान

पथक वाजायला लागलं की मामा पाठ फिरवायचे. सगळं मैदान दोरीवर रेलून, टाचा उंचावून, लेकरं खांद्यावर घेऊन झांजपथकाकडं बघतंय आणि हा एक माणूस पथकाकडं पाठ करून आमच्या तोंडांकडं बघत उभा. कुणी हटकलं तर म्हणायचे, "बघाय लागलं की ऐकू येत न्हाय." कोल्हापुरात झांजपथकांच्या स्पर्धा बघितल्या असतील, तर असा उलटा उभा राहिलेला माणूस तुमच्याही नजरेला पडला असेल. डोक्याला टोपी, पांढरा लेंगा आणि अंगाला शेणाचा नि दुधाचा मिसळलेला वास. ते आमचे मामा.

माझे सख्खे मामा नव्हेत, गल्लीतल्या सगळ्यांचेच मामा. आमच्यापासून दोन घरं सोडून त्यांचा गोठा होता. संध्याकाळी ते म्हशी घेऊन दूधकट्ट्यावर जायचे आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ पेला त्याच्या हातात द्यायचे. म्हशींवर त्यांचा जीव होता, पण पथकांवर त्याहून जास्त. कोडोलीला जत्रेत पथक वाजणार म्हटलं की मामा धार लवकर उरकून एसटीत. स्वतः मात्र आयुष्यात काही वाजवलं नाही. मी एकदा ताशाच्या काड्या त्यांच्यापुढं धरल्या, तर त्यांनी हात मागं घेतले. सगळेच वाजवायला लागले तर ऐकणार कोण, असा त्यांचा सवाल होता.

इथवर सगळं ठीक. भानगड पुढं आहे. मामा राहायला आमच्या पेठेत, आमच्या तालमीचे, म्हणजे पथक चालवणाऱ्या मंडळाचे, जुने सभासद, आणि जीव मात्र पलीकडच्या पेठेच्या पथकावर. बाहेरच्या माणसाला यातलं गांभीर्य कळायचं नाही. आमच्याकडं फुटबॉलपासून गणपतीपर्यंत सगळं पेठेवर चालतं. सोयरीक जुळवतानासुद्धा आधी पेठ विचारतात, मग पगार. अशा गावात मामा आमच्या तालमीचा शर्ट घालून, आमच्या पोरांच्या गर्दीत उभे राहून, पलीकडच्यांचं वाजणं ऐकताना डोळे पुसायचे. बरं, लपवणंही नाही. थोरली लेक त्यांनी त्याच पेठेत दिली. आपल्या घरातला एखादा कान तिकडं असलेला बरा, असं ते भर लग्नात व्याह्यांना म्हणाले आणि आमच्या तालमीची माणसं जेवायच्या पंगतीत तोंड आंबट करून बसली.

शेवटी तालमीत बैठक बसली. अध्यक्षांनी विचारलं, हे काय चाललंय? मामांनी टोपी मांडीवर काढून ठेवली आणि शांतपणे सांगितलं, "घर हितलं, म्हशी हितल्या. उद्या खांदा द्यायला माणसं बी हितलीच लागणार. पर कान माझं हाईत." चहा झाला आणि बैठक उठली.

मला मात्र त्यांचा खरोखर राग यायचा, कारण मी आमच्या पथकाचा ताशेवाला. कागलच्या एमआयडीसीत पहिली पाळी करून यायचो आणि हातातलं ग्रीस पुरतं निघायच्या आत सरावाला उभा राहायचो. एवढं करून मामांनी एकदाही मनापासून बरं म्हटलं नाही. स्पर्धा झाली की मी त्यांच्यासमोर जाऊन उभा. ते माझ्या पाठीवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "दूध हाय लेका. साय न्हाय." आम्ही पहिला नंबर काढला त्या वर्षीही हेच.

त्यांची साय कशात होती ते सांगतो. पलीकडचं पथक पूर्ण जोरात असताना एकदम थांबायचं. ढोल, ताशे, झांजा, पाय, सगळं. एक श्वास घेण्यापुरतं मैदान मुकं व्हायचं. मग एकच ताशा हळू बोलायला लागायचा आणि त्याच्यामागून बाकीचे उसळून यायचे. थांबायचे आम्हीही. पण आमच्यात कुणाची तरी झांज मागाहून किणकिणायचीच. मामा त्या एका क्षणासाठी गावं हिंडायचे. कुठल्याशा शहरात शेकड्यांनी ढोल एकत्र वाजतात हे कुणी कौतुकानं सांगितलं, तर ते म्हणाले, "ती गर्दी झाली. गर्दीला थांबता येत न्हाय." डॉल्बीबद्दल त्यांचं मत मी इथं लिहू शकत नाही. म्हशींसमोरसुद्धा ते तसले शब्द वापरत नसत.

मग डॉल्बी आलाच. पलीकडच्या पथकातली माणसं पुण्याला गेली, कुणी पाळ्यांत अडकली, कुणाचे गुडघे गेले. एका वर्षी स्पर्धेत त्यांचं नाव पुकारलंच गेलं नाही. मामा सगळी पथकं संपेपर्यंत उभे होते. सतरंज्या गुंडाळायला लागले तरी हलेनात. मी दंडाला धरून घरी आणलं.

त्यानंतर मामा मिटले. धार काढायचे, पेले भरायचे, पण बोलणं कमी झालं. कधीतरी गोठ्यात गव्हाणीवर बोटं वाजवताना दिसायचे. वाजवता वाजवता बोटं थांबायची आणि ते तसेच बसून राहायचे. लेकीनं माझ्या फोनवर त्या पथकाचं जुनं रेकॉर्डिंग पाठवलं. त्यांनी ते थोडं ऐकून फोन परत माझ्या हातात दिला. त्यात ढोल पत्र्यावर पडल्यागत येतोय म्हणाले.

एक दिवस सकाळीच माझ्या दारात आले. लेकीच्या घरी जाऊन जाऊन त्यांनी पलीकडच्या म्होरक्याला गाठलं होतं. त्याच्याकडं ढोल होते, झांजा होत्या, हौसही होती. माणसं कमी पडत होती. मामांची मागणी एवढीच की आमच्यातल्या काही जणांनी या स्पर्धेपुरतं तिकडं जाऊन वाजवावं. त्यांचा शर्ट घालून.

मी आधी हसलो. मग त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि हसू थांबलं. ते म्हणाले, "मरायच्या आधी एकदा ऐकायचं हाय रं. दुसरं काय मागतोय तुझ्याकडं?"

मी आणि आमचे चार दोस्त गेलो. तालमीत बोंब झाली, माझ्या भावानं महिनाभर तोंड फिरवलं. पलीकडच्यांनीही आम्हाला पहिल्या दिवशी पावण्यांसारखं खुर्चीवर बसवलं. म्होरक्यानं मात्र जीव तोडून शिकवलं. नजर कुठं ठेवायची, श्वास कुठं धरायचा, सगळं. मामा रोज सरावाला येऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे.

स्पर्धेत आम्ही वाजवलं. थांबायची जागा आली आणि आम्ही थांबलो. एकही झांज वाजली नाही. मैदान मुकं झालं. मग मीच तो एकटा ताशा धरला, ढोल मागून आले, आणि टाळ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. शेवटी रिवाजाप्रमाणे हात वर करून तालमीच्या नावाचा जयघोष करायचा असतो. आम्ही पाचही जण बेंबीच्या देठापासून ओरडलो. ओरडल्यावर कळलं, आम्ही आमच्याच तालमीचं नाव घेतलं होतं. त्यांचा शर्ट अंगात आणि जयघोष आमचा. सगळं मैदान हसून लोळलं. परीक्षकांनी तोंडापुढं कागद धरले. म्होरक्यानं कपाळावर हात मारला आणि मग तोही हसायला लागला.

मामा हसले नाहीत. मी घामाघूम होऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. ते म्हणाले, "चांगलं झालं." लग्नघरातून निघताना पाहुणा यजमानाला म्हणतो ना, तसं. माझा हिरमोड झाला. त्यापेक्षा साय नाही म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात गेलो आणि सरळ विचारलं, काय चुकलं? जयघोषामुळं रागावलात का? त्यांनी मान हलवली. त्यात आमची चूक नाही, तोंडातनं आपलंच घर यायचं, असं म्हणाले. मग म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बोलले, "ती पोरं म्होरं वाजवायचं म्हणून थांबायची. तुमी मी ऐकतोय म्हणून थांबलासा."

मला वाईट वाटलं, आणि ते खरं बोलताहेत हेही कळलं. मामांनी माझा हात हातात घेतला. "पर थांबलासा की. माझ्यापायी एवढं कोण करतंय?" असं म्हणून त्यांनी मला पेला भरून दिला आणि मी तिथंच उभ्यानं प्यालो.

त्या वर्षीच्या थंडीत मामा गेले. छातीत दुखायचं निमित्त झालं. पलीकडचा म्होरक्या आला होता. खांदा द्यायला आमची माणसं होतीच, तोही त्यात शिरला आणि कुणी त्याला बाजूला हो म्हटलं नाही. म्हशी त्यांच्या भाच्यानं नेल्या.

यंदा आमच्या पथकानं वाजवलं. मी आता ताशा सोडून शिट्टी घेतली आहे, पथक मीच चालवतो. कसं वाजलं? लोक म्हणतात, एवढं चांगलं कधीच वाजलं नव्हतं. फेटे उडाले, पोरांनी मला खांद्यावर घेतलं, अध्यक्षांनी मिठी मारली. खाली उतरल्यावर गर्दीत मामांची थोरली लेक दिसली. ती याआधी कधी मैदानात आली नव्हती. मी गर्दी कापत तिच्यापर्यंत गेलो आणि विचारलं, "कसं झालं गं?"

ती ओशाळली. म्हणाली, "मला त्यातलं काय कळतंय, दादा? आबा असतं तर आलं असतं, म्हणून आलेय नुसती."

मी मान डोलावली. मागून पोरं मला हाका मारत होती, बक्षीस घ्यायला बोलावत होती. चांगलं झालं म्हणणारी माणसं मैदानभर होती. मला नाही म्हणणारा हवा होता.