बांधावरची फक्की

मला एका जागी बसता येत नाही. पायाला भिंगरी लागलीय का, हे लहानपणापासून ऐकत आलेय, आणि शाळेत खेळाची शिक्षिका झाले तीही बहुधा त्यामुळेच. खुर्चीवर बसून शिकवायचं असतं तर महिन्याभरात पळून गेले असते.

त्या हिवाळ्यात ही भिंगरी जरा जास्तच फिरत होती. आमच्या लोणावळ्याच्या शाळेतल्या मुलींना पळायला जागाच उरली नव्हती. शेजारच्या औंढे गावाहून डोंगराच्या पायथ्याशी जाणाऱ्या जुन्या वाटा एकेक करून बंगल्यांच्या कुंपणांत गेल्या. कुठे गेट, कुठे कुत्रा. मुली रस्त्याच्या कडेने पळायच्या आणि पर्यटकांच्या गाड्या त्यांना घासून जायच्या. शेवटी आम्ही चार-पाच जणांनी ठरवलं की धावायला, चालायला, सायकल चालवायला अशी सगळ्यांची एक वाट करायची, चांगला मुरूम टाकून. खर्चासाठी घोरावाडी स्टेशनपासून औंढ्यापर्यंत सायकल फेरी काढायची, आणि प्रत्येकाने आपल्या ओळखीपाळखीतून किलोमीटरमागे देणगी आणायची.

देणग्या येत होत्या. अडलं होतं ते एका बांधावर. वाटेच्या मधोमध एका मावशींची भातखाचरं होती आणि त्यांच्या बांधाशिवाय पलीकडे जायला मार्ग नव्हता. मावशी एकट्याच राहायच्या. शेजारचं शेत त्यांच्या दिराने त्यांना न सांगता विकलं होतं आणि तिथे आता बंगले उभे होते. त्यामुळे बाहेरच्या कुणी त्यांच्या जमिनीकडे नुसतं बोट दाखवलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

मी तीन खेपा मारल्या. तिसऱ्या खेपेला चहाचा कप पुढे करत त्या म्हणाल्या, "पोरींसाटी म्हंताय तर न्हाई कसं म्हनू? जाऊ द्या बांधावरनं. पर एक हाय बाई. कायबी करायच्या आदी माज्या दारात यायचं, मला सांगायचं, मंग करायचं."

"शब्द देते, मावशी," मी म्हणाले. अर्धा चहा कपातच ठेवून मी उठलेही होते. पुढची कामं होती.

फेरीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत सगळं झालं. केळी आली, पाण्याचे जार आले, पंक्चरवाला ठरला. करायला काही उरलं नाही आणि माझी घालमेल सुरू झाली. उद्या एवढी माणसं येणार आणि बघणार काय, तर रिकामी खाचरं? वाट कुठून जाणार ते दिसायला नको? शाळेत फक्कीची पोती होतीच. आयुष्यभर मी त्या पांढऱ्या पुडीने कबड्डीची आणि खोखोची मैदानं आखत आलेय. माझी रेघ सरळ येते, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज आहे.

मावशींच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "वडिवळ्याला लेकीकडं गेल्यात. येतील सांच्याला." मी पायरीवर बसले. दहा मिनिटं बसले असेन. उठले, अंगणात फेऱ्या मारल्या, घड्याळ पाहिलं, परत बसले. मग स्वतःलाच समजावलं, मी काम कुठे करतेय, नुसती रेघ तर मारायचीय. वाऱ्याने उडून जाईल. बांधावर सुतळी ताणली आणि भोकं पाडलेल्या डब्यातून त्याच्या दोन्ही कडांना फक्की सोडत गेले. दोन मुली शेजारी-शेजारी पळाव्यात म्हणून एके ठिकाणी रेघ बांध सोडून खाचरातही नेली. लांबून पाहिलं तर सुरेख दिसत होतं. संध्याकाळी जाऊन सांगू म्हटलं, आणि फोनांच्या गडबडीत ते राहून गेलं.

सकाळी घोरावाडीहून निघालो. वडगाव, कामशेत, कार्ला फाटा. सगळ्यांत पुढे मी, आणि दर दोन मिनिटांनी मागे वळून ओरडत होते, चला, चला, आवरा! कधी एकदा ती वाट दाखवते असं झालं होतं.

पोचलो तेव्हा मावशी बांधावर उभ्या होत्या. हातात खराटा. अर्धी रेघ पुसलेली आणि लुगड्याचा काठ पांढरा झालेला.

"बाई, तुमी बी?" त्या म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. एवढ्या लोकांसमोर! मैदानावरच्या आवाजात मी ओरडले, "अहो मावशी, नुसती फक्की आहे ती!"

त्यांनी आवाज चढवला नाही. "दिराच्या शेतात बी पयल्या दिशी नुसती फक्कीच व्हती. मी इचारलं, तर म्हनले, काय न्हाई, नुसती फक्की हाय. मी घरात गेले, भाकरी थापल्या. चार दिसांनी मशीन आलं."

मला तोंड वर करवेना. मोजणीची, प्लॉट पाडायची रेघही याच पुडीने मारतात, हे मी रोज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत होते. तरी सुचलं नाही.

"तुम्ही घरी नव्हता म्हणून..." मी पुटपुटले.

"मंग थांबायचं. मी काय कायमची गेलते व्हय?"

मी खराटा मागितला. त्यांनी दिला नाही. म्हणून मी खाली बसून हातांनीच रेघ पुसायला लागले. वाऱ्याने उडेल म्हणाले होते. ती धसकटांत आणि दवाने ओल्या गवतात घट्ट चिकटून बसली होती. सायकलवाले रस्त्याकडेला थांबले. एकाने विचारलं, अजून किती वेळ? मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने केळं सोलायला लागला. फेरी तिथेच संपली.

उन्हाळ्यात वाट झाली. दोन्हीकडून मुरूम येतो आणि मावशींच्या बांधापाशी थांबतो. बांध होता तसाच आहे. त्या कुणाला अडवत नाहीत. मुली तिथे वेग कमी करतात, एकीमागे एक होतात आणि पलीकडे पुन्हा सुटतात. मी मात्र दर वेळी त्यांच्या दाराशी जाते आणि विचारते, "मावशी, जाऊ का?" कधी त्या लगेच जा म्हणतात, कधी हातातलं काम संपल्यावर.

परवा धीर करून विचारलं, "बांधावर मुरूम टाकायचा का?" त्या तांदूळ निवडत होत्या. मी उंबऱ्याशी या पायावरून त्या पायावर.

"बसा," त्या म्हणाल्या. "चा टाकते."

मी बसले. चहा आला, पूर्ण प्याले, रिकामा कप खाली ठेवला. त्यांनी पुन्हा सूप पुढे ओढलं. मुरुमाचं त्या काही बोलल्या नाहीत. मी उठले नाही.