हिरामणचं पाणी

लढाई सुरू झाली तेव्हा मी मेजर होतो. सीमेलगतच्या फील्ड हॉस्पिटलमध्ये सर्जन. दोन तंबू, एक जनरेटर, एक ऑपरेशन टेबल. पहाटेपासून जखमी यायचे. कोण आधी, कोण नंतर, एवढं ठरवून आम्ही कामाला लागायचो.

त्या दुपारी रेडिओ वाजला.

"एक कॅज्युअल्टी. पोटात स्प्लिंटर. पल्स वीक. ओव्हर."

"पाठवा. टेबल तयार आहे. आउट."

स्ट्रेचरवर नायक हिरामण होता. तो अहिराणीत कण्हत होता, म्हणून मीही अहिराणीतच विचारलं, "कोठला शे रे भाऊ?"

त्याने डोळे उघडले. "दोंडाईचाकडला. तुम्हीन?"

"धुळाना. देवपूर."

"मंग पानी द्या ना, साहेब."

पोटाच्या जखमेला पाणी चालत नाही. भूल देताना उलटी झाली, तर ते फुप्फुसात जातं. मी ओला गॉज त्याच्या ओठांवरून फिरवला. "ऑपरेशन व्हऊ दे, मंग पोटभर पी."

"धुळाना नळ शेतस तुम्हीन," तो म्हणाला. "आठ-आठ दिन पानी नही."

धुळ्याच्या नळांची ख्याती साऱ्या खानदेशात आहे. मला हसू आलं. तोही हसला. मग त्याला भूल दिली.

यकृत फाटलं होतं. बाहेर जवान रक्त द्यायला रांगेत उभे होते. रक्तस्राव थांबावा म्हणून आम्ही जखमेत गॉजचे पॅक भरत राहिलो, रक्त चढवत राहिलो. दिवस मावळताना त्याचं हृदय थांबलं.

लढाई संपल्यावर मी त्याच्या गावी गेलो. त्याच्या आईने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. माझा हात पुढे होईना.

"भाऊ, एकच सांगा," त्या म्हणाल्या. "त्यानी पानी मांगं व्हतं का?"

"मांगं व्हतं, अक्का."

"दिधं?"

"नही."

का दिलं नाही, ते मी सांगितलं. ज्याची आशा उरलेली नसते, त्याला आम्ही पाणी पाजतो. हिरामणची आशा मी सोडली नव्हती. त्याला काय कबूल केलं होतं, तेही सांगितलं, आणि नळाचं बोलणंही.

अक्का डोळे पुसता पुसता हसल्या. "व्हताच तसा."

त्यांनी तांब्या हातात घेतला. "म्हंजे शेवटलोंग त्याले सोडं नही तुम्हीन." मग तांब्या माझ्याकडे सरकवला. "पी ल्या आते."

मी प्यायलो. उरलेलं पाणी त्यांनी हिरामणच्या फोटोपुढच्या पेल्यात ओतलं, काठोकाठ.

"पी बापू," त्या म्हणाल्या. "पोटभर पी."